काहीच न दाबणाऱ्यांचा फोन

बांद्यापासून मिठबावपर्यंत जिथे जिथे फोन वाजतो, तिथल्या टेबलाखाली मी लाइन जोडायला एकदा तरी पालथा पडलेला आहे. हॉटेलं, काजूचे कारखाने, आंब्याच्या पेढ्या, देवस्थानांच्या कचेऱ्या. खोटं वाटत असेल तर कुठल्याही टेबलाखाली वाकून बघा, माझ्या शर्टाचं एखादं बटण सापडेल. समुद्राकाठच्या एका रिसॉर्टमध्ये तर राउटरच्या पेटीत कुर्ली, म्हणजे खेकडी, शिरून बसली होती. फोन आला की ती नांगीने उचलायची आणि मनाला येईल तेव्हा ठेवायची. मालक मला म्हणाला, राहू दे, आधीच्या रिसेप्शनिस्टपेक्षा बरी आहे, निदान गिऱ्हाइकाला उलट बोलत नाही. बांद्याच्या एका काजूवाल्याकडे मी लाइन इतकी चलाख करून दिली की गोव्यातला व्यापारी नुसता खिशाकडे हात न्यायचा आणि इकडून त्याला भाव सांगितला जायचा.

आमच्या घरात माझ्या बोलण्यातलं निम्मं वजा करून ऐकतात. मामा उरलेलं निम्मंही वजा करायचा. तुझ्या गजालीत मीठ भरपूर, मासो खंय दिसना नाय, असं तो माझ्या गप्पांबद्दल चारचौघांत म्हणायचा, आणि वर मलाच चहा आणायला पाठवायचा.

मामा म्हणजे माझ्या आईचा थोरला भाऊ. एके काळचा तांडेल, म्हणजे होडीवरचा मुख्य माणूस. त्याचा आवाज असा की किनाऱ्यावरून हाक मारली तर खोल पाण्यातल्या होड्या सुकाणू फिरवायच्या. (यातलं निम्मं वजा करा, तरी बराच उरतो.) पुढे त्याचा गुडघा गेला, तेव्हा मच्छीमार सोसायटीने त्याला ऑफिसात फोनपाशी बसवलं. कुणकेश्वर सोडून मिठबावच्या अंगाला निघालं की खाडीच्या तोंडावर आमच्या आजोळची वाडी लागते, तिथेच हे ऑफिस. पुढे डिझेलचा पंप, मागे बर्फाचा कारखाना, मध्ये एक खोली, आणि खोलीत मामा आणि फोन.

तो फोन म्हणजे साधी तारेची लाइन. वाडीतलं प्रत्येक पोर बाराखडीच्या आधी तो नंबर शिकायचं. जत्रेत हरवलास तर हा सांग, मुंबईत उतरलास तर हा लाव, बोटीवर भरती झालास तर वारस म्हणून हाच लिही, अशी शिकवण. नंतर घराघरात मोबाइल आले, लोक कार्डं बदलत राहिले, नंबर मागे पडत गेले. हा एकच टिकला. त्यामुळे वर्षानुवर्षं बाहेर असलेल्या माणसाला वाडीतला एखादा नंबर आठवलाच, तर तो हाच आठवणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मामाला तर फारच.

मामाचा एकुलता मुलगा बोटीवर नोकरीला गेला होता. माझ्याहून मोठा, आणि स्वभावाने माझ्या अगदी उलटा. मी एका वाक्याचं पुराण करायचो, तो पुराणाचं एक वाक्य करायचा, आणि तेही मनातल्या मनात. आम्ही दोघे गरी टाकून बसलो की मासे माझ्या बडबडीने पळतात म्हणून तो मला दुसऱ्या खडकावर बसवी. तो बोटीवर गेला, पहिली वर्षं व्यवस्थित फोन आले, आणि मग एक दिवस त्याच्याबरोबरचा माणूस सांगत आला की कुठल्यातरी बंदरात तो आपली बॅग घेऊन उतरला तो परत चढला नाही. भांडण नाही, कर्ज नाही, बाई नाही. काहीतरी कारण असतं तर मामा-मामीला धरायला काहीतरी सापडलं असतं. मामाने गावदेवाला कौल लावला. आमच्याकडे पाषाणाच्या दोन्ही अंगांना भिजवलेल्या पाकळ्या चिकटवतात, गाऱ्हाणं घालतात आणि वाट बघतात. उजवी आधी पडली की होकार. झील जिवंत आहे का, असं विचारलं. उजवी पडली.

त्यानंतर केव्हातरी ते मुके फोन सुरू झाले.

घंटी वाजायची, तीही पुरी नाही, अर्धीमुर्धी. मामा उचलायचा. पलीकडे कोणी बोलायचं नाही. नुसतं सूंऽऽ असं काहीतरी, समुद्राजवळ उभं राहून कोणी श्वास घ्यावा तसं. मग खट्. मी एकदा स्वतः उचललाय तसला फोन, आणि आता मी शहाणा झालो तरी त्या दिवशी माझ्या अंगावर काटा आला होता हे नाकारत नाही. जो माणूस समोर बसूनही बोलत नसे, तो फोनवर काय बोलणार? मामाची खात्री पटली, वाडीचीही पटली. मामाने त्यात एक शिस्तही शोधून काढली होती. फोन बहुतेक दुपारी यायचे, कारण दुपारी त्याला कामातून फुरसत मिळत असणार. आणि पावसाळ्यात केव्हाही यायचे, कारण पावसात माणसाला घर आठवतं.

तेव्हापासून मामा फोनवर हॅलो म्हणेनासा झाला. "बोल" म्हणायचा आणि थांबायचा. सूंऽऽ ऐकू आलं की स्वतःच बोलायला लागायचा. कोणाची होडी पाण्यात गेली, कलमाला यंदा मोहर कसा आहे, विहिरीला पाणी किती, शेजारच्याने कुंपणाचा गडगा कसा आत सारला. त्या वेळी ऑफिसातले सगळे उठून बाहेर जायचे. मासळीच्या पाट्या घेऊन येणाऱ्या बायका, ज्या फौजदाराचंही ऐकत नाहीत, त्या पाट्या उंबऱ्याबाहेर ठेवून उन्हात उभ्या राहायच्या.

मामी एका पावसाळ्यात गेली. तिचं दिवसकार्य झालं आणि मामा दुसऱ्याच दिवशी ऑफिसात जाऊन बसला. घरात माणसं होती, लोक काहीबाही बोलले. मामाला वाट बघायची होती. फोन आला तेव्हा त्याने ती बातमी सांगितली. मला त्याने नंतर सांगितलं, की त्या दिवशी पोराने लवकर ठेवला नाही. खूप वेळ धरून राहिला होता.

अशात सोसायटीच्या चेअरमननी राउटर आणला. ते कुठल्यातरी शहरात एका कचेरीला भेट देऊन आले होते आणि तिथे फोन केला की एक बाई गोड आवाजात 'अमक्यासाठी एक दाबा' म्हणते हे त्यांच्या मनात भरलं होतं. चेअरमन घरी आमच्यासारखंच बोलतात, पण ऑफिसात पाऊल टाकलं की प्रमाण मराठी. मला म्हणाले, आपल्यालाही आधुनिक व्हायला हवं, बर्फासाठी एक, डिझेलसाठी दोन, इतर चौकशीसाठी तीन. आणि भाचा घरचा असताना बाहेरचा माणूस कशाला.

आता हे यंत्र काय करतं ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. बाहेरून येणारी फोनची तार राउटरच्या एका भोकात खोचतात. त्या भोकाला व्हॉइस पोर्ट म्हणतात. तो दारात बसवलेल्या गड्यासारखा. दार वाजलं की त्याने काय करायचं हे त्याला आधी शिकवून ठेवावं लागतं. लगेच उघडायचं की थोडं वाजू द्यायचं? उघडून पाहुण्याला ओसरीवर बसवायचं, की थेट घरातल्या माणसाला हाक मारायची आणि तो उठेपर्यंत दार लावूनच ठेवायचं? पाहुणा गेला हे कशावरून ओळखायचं? काही शिकवलं नाही तर हा गडी पहिल्याच घंटीला दार उघडतो. उतावळा असतो. मी त्याला नुसता तारेला जोडला आणि चहा प्यायला गेलो, तेवढ्यात त्याने एक फोन उचलूनही टाकला.

मामा माझ्याकडे बघत होता. त्याने विचारलं, सगळे फोन आता हाच उचलणार काय. मी हो म्हणालो. त्याने टेबलावरचा फोन आपल्याकडे ओढून घेतला.

"पयल्याच घंटेक मशीन उचलतला, तर मगे तो मशीनीवांगडा काय बोलतलो?"

यंत्राशी बोलणारा तो कोण, हे कळलं नाही असं मी दाखवलं नाही. चेअरमनना म्हटलं, एवढं मोठं यंत्र आहे, एकदम सगळं चालू केलं तर ते बिथरतं, बैलासारखं हळूहळू जुंपावं लागतं. त्यांनी मानलं. मी पोर्टाला शिकवलं की घंटी कितीही वाजली तरी तू उचलायचं नाहीस. आत मामाच्या टेबलावरचा फोन वाजव, आणि मामाने उचलला तरच बाहेरच्याला जोड. तोवर बाहेरच्या माणसाला नुसती घंटी ऐकू येत राहील. मामा खूश झाला. मला त्या दिवशी स्वतःहून चहा पाजला, आणि वर म्हणाला की माझ्या हातून आयुष्यात एक तरी काम झालं.

पण चेअरमनची दुसरी तक्रार होती आणि ती खरी होती. लाइनीत खरखर फार. देवगडचे व्यापारी म्हणत, तुमच्याशी बोलणं म्हणजे वाळू चावण्यासारखं. चेअरमननी स्पष्ट सांगितलं, ही खरखर गेली तर ठेवू, नाहीतर तारेची लाइन परत करू आणि मोबाइलचा नवा नंबर बोर्डावर लिहू. त्यांचं चुकलं नव्हतं. पण लाइन परत केली की नंबर जाणार. मामाने मला कोपऱ्यात घेऊन दंडाला धरलं. काय वाटेल ते कर, नंबर जाता कामा नये.

म्हणून मी लॅपटॉप लावून दुपारभर बसलो. पोर्टात काय चाललंय ते पडद्यावर दिसतं. खरा फोन आला की घंटीपाठोपाठ करणाऱ्याचा नंबर येतो, सगळं रीतसर, पाहुण्याने नाव सांगून आत यावं तसं. तसे दोन-चार आले. आणि मग मागे बर्फ काढायची वेळ झाली. लाद्या निघाल्या, माणसांनी फरशीवर पाणी मारलं, ते खारट गार पाणी अंगणातून वाहत पंपाच्या बाजूने गटाराकडे निघालं. वाटेत जमिनीत एक सिमेंटचं झाकण आहे, त्याच्या फटीतून थोडं आत गेलं. आणि मामाचा फोन वाजला. अर्धामुर्धा.

मामा "बोल" म्हणाला. पडद्यावर नंबर नव्हता. पलीकडे कोणी नव्हतंच. पोर्ट नुसता दचकला होता, झोपेत पायाला मुंगी चावल्यासारखा.

मामा बोलत होता. आंब्याला यंदा थ्रिप्सची कीड पडलीय हे सांगत होता. मी झाकणाकडे बघत होतो. पाणी ओसरलं, तार निथळली, आणि खट्.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच, आणि पाणी ओसरल्यावर मी ते झाकण उचलून आत बघितलं. तिसऱ्या दिवशी मी बघायला गेलोच नाही, घरी बसून राहिलो. खांबापासून ऑफिसपर्यंतची तार सोसायटीची स्वतःची. पूर्वी कोणीतरी ती त्या झाकणाखाली जोडली होती आणि वर कापडी पट्टी गुंडाळली होती. त्याच पाइपातून दुसरीही एक तार जात होती. पट्टी सडली, तारा उघड्या पडल्या, पाणी आलं की एकीचा करंट दुसरीत उतरायचा. दुपारी बर्फाचं पाणी. पावसाळ्यात केव्हाही. मामाने शोधलेली शिस्त अगदी बरोबर होती.

आणि ती जोडणी दुरुस्त केल्याशिवाय खरखर जाणार नव्हती. खरखर ठेवावी तर नंबर जाणार. खरखर काढावी तर ते फोन बंद होणार, आणि मामा रोज दुपारी वाट बघत बसणार, कारण न कळता.

ज्या जिभेला मी आयुष्यात कधी विसावा दिला नाही, ती त्या दिवशी उचलेना. शेवटी ऑफिसात जाऊन मी मामाला सगळं सांगितलं. तार, पट्टी, पाणी, करंट. मामा हसायला लागला. मामी गेल्यापासून मी त्याला इतकं हसताना पाहिलं नव्हतं.

"आता ही बरी रचलंस. कुर्लेपेक्षा सरस."

मी म्हटलं, मामा, ही गजाल नाही. तो म्हणाला, देवाने उजवा दिला आणि तू डावा देतोस, तू काय देवापेक्षा मोठा लागून गेलास? पंपावरच्या माणसाला त्याने हाक मारून सांगितलंसुद्धा, की ऐका, भाचा म्हणतो माझा झील पाण्यातून फोन करतो. तो माणूसही हसला. मी सगळ्यांना इतकी वर्षं इतकं हसवलं होतं की ते पहिल्या शब्दालाच हसायला तयार असत.

मी हसलो नाही. तेवढंच मामाने पाहिलं असावं. तो उठला, माठावरचा तांब्या भरून घेतला आणि गुडघा ओढत मागच्या दाराने बाहेर पडला. मी पुढे जाऊन झाकण उचललं. खाली जोडणीवर मिठाची फुलं आली होती, पांढरी, नाजूक. मी म्हटलं, मी ओततो. त्याने माझा हात बाजूला केला.

बारीक धार धरली त्याने. घाईत नाही, पिंडीवर धरतात तशी.

आत फोन वाजला.

पंपावरच्या माणसाने ओरडून सांगितलं, फोन वाजतोय. मामा हलला नाही. वाजणं थांबलं. त्याने पुन्हा धार धरली. पुन्हा वाजला. तांब्या संपेपर्यंत तो ओतत राहिला, आणि मग रिकामा तांब्या हातात धरून बांधावर बसला.

मला वाटलं, आता शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मीच बोलायला लागलो. म्हटलं, सगळेच फोन असे नसतील, अधूनमधून खरंच त्याचे असतील, यंत्राला काय कळतं, यंत्रं चुकतात, मी बांद्याला एका यंत्राने... मामाने गप्प बस म्हणून हात वर केला.

"वगी रव."

बर्फाच्या कारखान्याची मोटर चालू होती. खाडीत ओहोटी लागली होती आणि होड्या एका कुशीवर कलल्या होत्या. मामा त्यांच्याकडे बघत नव्हता. मग बोलला, माझ्याशी असं नाही.

"मगे तेका आवशीची खबर नाय."

इतक्या दिवसांत माझ्या डोक्यात तार होती, पट्टी होती, नंबर होता, मामाची दुपार होती. हे नव्हतं. मामीच्या जाण्याची बातमी ज्याला सांगायची होती त्याला सांगून झाली, एवढं एकच काम बापाच्या हातून पार पडलं होतं, आणि ते आता पुन्हा करायचं राहिलं होतं. कुठेतरी कोणत्यातरी बंदरात तो आपली आई घरी आहे असं समजून जेवत असेल.

संध्याकाळी मामा म्हणाला, जोडणी नीट कर. मी म्हटलं, घाई नाही, चेअरमनना मी गुंडाळतो. तो नको म्हणाला. नंबर राहिला पाहिजे. आता तर राहिलाच पाहिजे. कौलाबद्दल मी काही विचारलं नव्हतं, त्यानेच काढलं. देव खोटा बोलला नाही, असं म्हणाला. "जिता आसा म्हणान सांगल्यान. फोन करता म्हणान खंय सांगल्यान?" म्हणजे इतके दिवस त्याचा मुलगा फोन करून बोलू न शकणारा होता, आणि आता जिवंत असून फोनच न करणारा झाला होता.

मी निघताना त्याने मला परत बोलावलं.

"आणि आयक. माझी दया येवन तू खंयसून फोन लावन गप रवशीत, तां करू नको हां."

मी म्हटलं, छे, मी कशाला.

"तुका जमाचाव नाय. तू गप रवतलंस?"

खरं सांगतो, माझ्या मनात ते येऊन गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी जुनी पट्टी काढली, तारा वेगळ्या केल्या, नवी जोडणी करून ती पाण्यापासून उंच भिंतीवर नेली. लाइन अशी स्वच्छ झाली की देवगडचा व्यापारी तिकडे सुपारी कातरायचा आणि इकडे तुकडे मोजता यायचे. चेअरमननी माझी पाठ थोपटली. दुपारी बर्फ निघाला, पाणी अंगणातून वाहत गेलं. मामाने मान वळवून त्या पाण्याकडे बघितलं, गटारात जाईपर्यंत बघितलं, आणि मग फोनकडे न बघता चष्मा पुसायला घेतला. पावसाळा आला तेव्हा मी मुद्दाम त्या बाजूला फिरकलो नाही.

पावसाळा सरता सरता त्याचाच निरोप आला. गेलो. म्हणाला, आता मशीन उचलू दे पहिल्या घंटेला. चेअरमन बिचारे किती दिवस थांबणार. मी म्हटलं, तुझ्यासाठी थांबवलंय ते. तो म्हणाला, बर्फवाल्याला आणि डिझेलवाल्याला माझ्याशी काय काम आहे, त्यांना सरळ आपापल्या जागी जाऊ दे. मग त्याने मला सगळं पुन्हा समजावून सांगायला लावलं. बाई काय म्हणते, एक दाबला की कुठे जातो, दोन दाबला की कुठे. तांडेल दर्या समजून घेतो तसा तो ऐकत होता. आणि मग विचारलं, एखाद्याने काहीच दाबलं नाही तर?

मी सांगितलं, बाई पुन्हा एकदा सगळं म्हणते. तरी नाही दाबलं तर धन्यवाद म्हणते आणि फोन तोडते.

तो टेबलावर बोटाने रेघा ओढत बसला. मग म्हणाला:

"तोडू नको. जो कायच दाबूचो नाय, तेका माझ्याकडे दी."

चेअरमन म्हणाले, मग यंत्राचा उपयोग काय, आपल्याकडे निम्मे लोक काहीच दाबत नाहीत. ते बरोबरच म्हणत होते. पण मामाच्या त्या पोराला त्यांनीही लहानपणी खांद्यावर घेतलेलं होतं. ते खिडकीबाहेर बघत राहिले आणि मग करा म्हणाले, घरच्या बोलीत.

तेव्हापासून त्या लाइनीवर ही रीत आहे. पहिल्या घंटेला बाई उचलते. ज्याला कळतं तो दाबतो. आणि ज्यांना कळत नाही, ऐकू येत नाही, ज्यांच्या फोनची बटणं झिजलीत, ज्यांना यंत्राचं ऐकायचा अपमान वाटतो, ते सगळे फिरून मामाकडे येतात. एक म्हातारी मासळीवाली त्या बाईलाच विचारते, तू कोणाची गो? एका आजीने तर, फोन मामाकडे आला तरी तिलाच समजून, अख्खा तास आपल्या सुनेची गाऱ्हाणी सांगितली आणि शेवटी म्हणाली की चेडू गुणाचं, पोरगी मधे एक शब्द बोलली नाही. (पाव तास असेल. पण होता.) चुकीचे नंबर येतात, बारसं-लग्नाची आमंत्रणं येतात, आईचा फोन खेळायला घेतलेली पोरं येतात. मामा प्रत्येकाशी नीट बोलतो. पण उचलल्यावर आधी थांबतो. समोरचा गोंधळून हॅलो हॅलो करेपर्यंत थांबतो.

परवा मी एक केबल बदलायला गेलो होतो. टेबलाखाली पालथा होतो तेव्हा वर फोन वाजला. मामाने उचलला, थांबला. पलीकडून कोणीतरी मोठ्याने विचारलं, बर्फ आसा काय. मामाने आहे म्हणून सांगितलं, किती हवा ते विचारलं, होडी कोणाची ते विचारलं, आणि ठेवला. मी टेबलाखालूनच विचारलं, की या सगळ्यांत कधी कोणी गप्प राहणारा येतो का.

"नाय रे," तो म्हणाला. "सगळे बोलतत."

मी बाहेर येऊन गुडघे झटकले. तो काहीतरी जुळवत होता, मला माहीत आहे तो चेहरा. लांबच्या देशातून फोन असला, आणि बोलणं लांबलं, तर हे मशीन मध्येच तोडत नाही ना, असं त्याने विचारलं. आधी हवापाण्याचं बोलावं लागेल. एकदम सांगून चालणार नाही. वेळ लागेल.

मी पहिल्या दिवशीच त्या पोर्टाला बोलण्याच्या वेळेची एक मर्यादा घालून ठेवली होती, लाइन कोणी उगाच अडवून बसू नये म्हणून. सगळीकडे घालतो. मी मामाला म्हटलं, नाही तोडणार, तू ठेवेपर्यंत धरून राहील. मग लॅपटॉप उघडला आणि त्याच्या समोर बसून ती मर्यादा काढून टाकली.